वेधशाळेमागची खोली

सकाळ रोजच्यासारखीच होती. वेधशाळेच्या अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीतून आलेलं सूर्याचं बिंब कागदावर पडलं होतं, आणि सगळे ज्यांना सर म्हणत ते संचालक त्यावरचे डाग पेन्सिलीने टिपत होते. हे काम खरं दोघांचं. एकाने दुर्बिणीचं चाक फिरवत बिंब कागदावरच्या वर्तुळात धरायचं, दुसऱ्याने डाग टिपायचे. पूर्वी सरांचा मुलगा टिपायचा, सून चाक धरायची. मुलगा तापाने गेला, आणि तेव्हापासून सर एकटेच दोन्ही करायला जात. डाग भलतीकडेच पडत.

घर वेधशाळेला लागूनच. विधवेने वर्षभर कुणाच्या नजरेस पडायचं नाही, ही घराण्याची रीत. म्हणून सून मागच्या खोलीत होती. ग्रहणाला घाबरू नका असं जगाला सांगणारे सर घरात मात्र मिठाची गुळणी धरून बसले होते. भिंतीपलीकडे सारखी पावलं वाजत आणि त्यांच्या अंगावर काटा येई. मुलगाच फिरतोय असं वाटे. तसं वाटून घेणं सोपं होतं.

त्या दिवशी मुलींचा वर्ग आला होता. "दिसेल तेच काढा," सर शिकवत होते. "पदरचं घालू नका, दिसलेलं गाळू नका."

"सर, मागच्या खिडकीत कोण असतं?" एकीने विचारलं. "येताना गजांवर हात दिसला."

"कोणी नाही."

"मग भूत असेल," दुसरी म्हणाली. वर्ग हसला, सरही हसले. पलीकडची पावलं थांबली होती. आपलं बोलणं तिने ऐकलं हे सरांना कळलं आणि ते मनातून चरकले.

मुलींना डाग टिपायला लावून ते घरात, मागच्या खोलीकडे गेले. बायको दारात आडवी आली.

"अहो, थोडेच महिने राहिलेत. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. मुलगा एकदाच गेला गं. हिला आपण रोज मारतोय."

ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. तीही आईच होती. सरांनी कडी काढली. सून भिंतीला टेकून उभी होती, पार वाळलेली.

"वर्ग गेला की ये पोरी, चाक धरायला."

"गेल्यावर नाही, बाबा. असतानाच येईन."

सरांनी दार पूर्ण उघडलं. मग ते म्हणाले, "चल."

"ही माझी सून," सर वर्गासमोर म्हणाले. "मघाशी मी खोटं बोललो. विधवा म्हणून आम्ही हिला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं."

"चाक तुम्ही धरा," म्हणत तिने नवऱ्याच्या जागी बसून पेन्सिल उचलली. पहिली रेघ थरथरली. ती खोडून तिने पुन्हा काढली. मुली भोवती गोळा झाल्या.

वर्ग सुटला तरी मागच्या बाकावरची एक मुलगी उठेना.

"बाई, माझ्या ताईलाही असंच ठेवलंय," ती हळूच म्हणाली. "आता ती बोलतच नाही."

सुनेने पायात चपला सरकवल्या. "घर कुठंय तुझं?"