कुजक्या मुळ्याचा वास

हार्झच्या डोंगरात शिशाची खाण खोदायची म्हटलं, की कधी ना कधी सेलेनियमशी गाठ पडायचीच. शिसं आणि सेलेनियम मिळून झालेला तो दगड म्हणजे साध्या शिशाच्या दगडाचं जुळं भावंड. तसाच करडा, तसाच जड, फार तर किंचित निळसर. फरक कळतो तो तापवल्यावर. कुजक्या मुळ्याचा असा भपकारा सुटतो, की नाक धरून पळावं.

आणि खाणीचा दगडपारखी एर्न्स्ट ल्युडेके, त्याचं नाकच गेलेलं! गेल्या हिवाळ्यात ताप आला, त्यात वास गेला तो गेलाच. त्यानं कुणाला म्हणून सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर नोकरीवर पाणी. ज्योत निळी झाली की ‘सेलेनियम’ म्हणायचं, असं आजवर निभावलं.

आज मात्र भट्टीचे अधिकारी बोडेनश्टाइनसाहेब स्वतःच खाणीतल्या नव्या शिरेतला दगडाचा तुकडा घेऊन त्याच्या घरी आले. त्यात सेलेनियम असलंच तर चिमूटभर. तेवढ्यानं ज्योतीला रंग चढत नाही.

“भट्टी खोळंबलीय, ल्युडेके. वास येतो की नाही, एवढंच सांग. मीही इथंच उभा आहे.”

एर्न्स्टनं कण कोळशावर ठेवला आणि फुंकनळीनं ज्योत त्यावर वळवली. धूर निघाला. त्यानं हळूच साहेबांकडे पाहिलं. यांनी नाक मुरडलं की आपणही मुरडू. साहेबांचा चेहरा ढिम्म.

‘नाही’ म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. पण भट्टीवरची माणसं डोळ्यांपुढे आली. सेलेनियम असलं, तर त्याचा विषारी धूर त्यांच्याच छातीत जायचा. ते काही त्याच्यानं होईना.

“साहेब, मला वासच येत नाही. तापात गेला.”

“अरे देवा!” साहेबांनी तपकिरीची डबी मिटली. “मी तुझ्याच तोंडाकडे बघत होतो की! तपकीर ओढून ओढून माझं नाक कधीच मेलंय.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको फ्रीडेरिके नाक दाबून दारात आली. “अहो, काय जाळताय मेलं? सडक्या मुळ्यांची टोपली उपडी केलीत की काय?”

“हा दगड भट्टीत नको,” साहेब जायला वळले. “आणि ल्युडेके, तुझं नाक गेलं हे वर कळवायचं, तर माझंही कळवावं लागेल. राहू दे. यापुढे बाईंना जवळ बसवत जा.”

ते गेले. फ्रीडेरिके दारातून हलली नाही.

“म्हणजे वर्षभर माझ्या सूपाला ‘वा, काय घमघमाट!’ म्हणत होतात, ते सगळं खोटं?”

एर्न्स्टला रडू यायचंच बाकी होतं.

“खोटं नव्हे गं. आठवायचा मला.”