कांद्याची जागा

आक्काबाई स्कूटरच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या तेव्हा स्कूटर स्टँडवर होती आणि तिच्यावरचं कव्हर त्यांनी नुसतं पुढे लोटलं होतं. मांडीवर भाजीची रिकामी पिशवी घेऊन त्यांनी घरात हाक मारली.

"अहो, चला. बाजारात जायचंय."

भाऊसाहेब दारात आले. बायकोकडे आणि कव्हराकडे बघत राहिले.

"रिक्षानं जा की."

"मी बसलेय. आता उतरायचं म्हंजे गुडघे लागत्यात, ते माझ्याकडं न्हाईत."

भाऊसाहेब तसेही फार बोलत नसत. उभी हयात त्यांनी सरकारी जीप चालवली. शेजारी साहेब फायली वाचत बसणार, हे समोरच्या रस्त्याकडे बघणार. ती सवय घरातही आली. आक्काबाईंनी दोघांच्या वाटणीचं एकटीनं बोलून संसार रेटला, आणि त्यांची त्याबद्दल तक्रार अशी नव्हती. सांगायच्या, पण तक्रार नव्हती.

मग रिटायर झाल्यावर एकदा भाऊसाहेब मार्केट यार्डातून पिशवीभर कांदे घेऊन आले. आक्काबाईंनी पिशवी उपडी केली तर कांद्यांबरोबर एक तांबूस पिल्लूही फरशीवर घरंगळलं आणि तिथंच शू करून मोकळं झालं. नाव शोधावं लागलं नाही. पुढे जनावरांच्या दवाखान्यात नंबर लागला की तिथली बाई पुकारायची, "कांद्या साळवे," आणि भाऊसाहेब साहेबांनी बोलावल्यासारखे ताठ उभे राहायचे.

त्या कुत्र्याशी मात्र हा माणूस बोलायचा. लई बोलायचा. स्वयंपाकघरातून आक्काबाईंना ऐकू यायचं आणि जरा जळायलाही व्हायचं, खोटं कशाला बोला.

स्कूटरवर कांद्याची जागा पुढे, हँडलच्या खाली. तिथं तो उभा राहायचा, नाक वाऱ्यात, कान मागे. त्याला ऐसपैस व्हावं म्हणून भाऊसाहेब गुडघे फाकवून बसायचे. सावेडीत लांबूनच कळायचं, साळवे चाललेत. त्या जागेत दुसरं काही ठेवायची मनाई होती. दळणाचा डबा, भाजीची पिशवी, झालंच तर कलिंगड, सगळं मागे आक्काबाईंच्या मांडीवर. आणि स्पीडब्रेकर आला की भाऊसाहेब वेग कमी करून म्हणायचे, "सांभाळ रे." कांद्या पंजे रोवायचा.

"सगळा जन्म गेला," आक्काबाई मागून म्हणायच्या, "मला एकदा म्हणाला न्हाईत सांभाळ म्हणून."

"तू कुठं पडतीस," भाऊसाहेब म्हणायचे.

उन्हाळ्यात कांद्या गेला. म्हातारा झाला होता, खाणं सुटलं होतं, एका सकाळी गेटपाशी झोपला तो उठलाच नाही. काष्टीला आक्काबाईंच्या भावाच्या शेताच्या बांधावर त्याला पुरलं. माती लोटल्यावर आक्काबाईंनी हात जोडून त्रिसरण म्हटलं. कुत्र्यासाठी म्हणतात की नाही, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. भाऊसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. घरी येऊन त्यांनी स्कूटर धुतली, पुसली आणि वर कव्हर घातलं.

तेव्हापासून ती तशीच. आधी गाडी बंद झाली, मग चौकातला चहा बंद झाला. मग मित्रांचे फोन आले तरी भाऊसाहेब "बघू" म्हणून ठेवायला लागले. दूध आक्काबाई आणू लागल्या. पुण्याहून मुलगा, सचिन, म्हणाला, "आई, पप्पा चालवत नाहीत तर विकून टाकू. एक जण बघून ठेवलाय, रविवारी संध्याकाळी येईल." भाऊसाहेब "बघा" एवढंच म्हणाले. गाडी गेली की हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, हे आक्काबाईंना पक्कं कळलं होतं.

आज रविवार. म्हणून त्या सकाळीच येऊन सीटवर बसल्या होत्या.

भाऊसाहेबांनी बराच वेळ घेतला. मग कव्हर काढलं, घडी घातली आणि किल्ली आणली. पुढच्या रबरी मॅटवर कांद्याच्या नखांचे ओरखडे होते. धुऊनही खाचेत चार तांबूस केस राहिले होते. ते बघून भाऊसाहेबांनी मान वळवली. बसले, गुडघे आपोआप फाकले. आक्काबाईंना ते दिसलं.

बाजारात रंगुबाई भाजीवालीनं नेहमीप्रमाणे आधी स्कूटरच्या पुढे वाकून बघितलं. तिच्या हातात गाजर होतं.

"आमचं गिऱ्हाईक कुठंय?"

आक्काबाई तोंड उघडणार तोच भाऊसाहेब म्हणाले, "गेला."

घरातून बाहेर पडून हा शब्द ते पहिल्यांदाच बोलले. रंगुबाईनं गाजराचा हात खाली घेतला. "वंगाळ झालं," ती म्हणाली. "लई शानं हुतं लेकरू. गाजर घेतल्याबिगर तुमाला हलू द्यायचं न्हाई." मग तिनं मेथी, दोडके, टोमॅटो भरले, वर ते गाजरही घातलं, आणि भरलेली पिशवी पुढच्या मोकळ्या जागेत टेकवली.

"तिथं नको," भाऊसाहेब म्हणाले.

"आणा इकडं," आक्काबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. दोडके पोटात टोचत होते.

परतीच्या रस्त्यावर ऊन चढलं होतं. घराकडे वळताना शाळेपुढचा मोठा स्पीडब्रेकर आला. भाऊसाहेबांनी वेग कमी केला.

"सांभाळ रे."

तोंडातून गेलंच. स्कूटर तिथंच थांबली. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत बाजूनं गेला. आक्काबाईंचा हात भाऊसाहेबांच्या खांद्यावर होता, आणि तो खांदा हलत होता. साळवे भररस्त्यात, स्कूटरवर बसून रडत होते. रडू देत, आक्काबाईंना वाटलं. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "बसलेय मी नीट. चला तुमी."

भाऊसाहेबांनी बाहीनं तोंड पुसलं.

"सचिनला फोन कर. त्या माणसाला येऊ नको म्हणावं."

"तुमीच सांगा. माझ्या हातात पिशवी हाय."

"घरी गेल्यावर सांगतो," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी स्कूटर हळूच ब्रेकरवर चढवली आणि हळूच उतरवली. पुढची जागा रिकामी होती. गुडघे फाकलेलेच होते. आक्काबाईंनी पिशवी आणखी जवळ ओढली आणि खांद्यावरचा हात घरापर्यंत काढला नाही.