निरंक नावाचा पक्षी

"बाई, हा निरंक पक्षी कुठं दिसते? मी तं कधीच नाही पाह्यला," भूमिकाने विचारलं.

सहावीतली ही पोरगी पंचायतीतून छापील कागदांची गड्डी घेऊन आली होती. गावाच्या जैवविविधतेची नोंदवही. आपल्या शिवारात काय उगवतं, काय उडतं, काय पोहतं, त्याची यादी. मी चष्मा लावला. पक्षी : निरंक. मासे : निरंक. औषधी झाडं : निरंक. ज्याचं नाव पानोपानी आहे तो केवढा मोठा प्राणी असेल, असं पोरीला वाटलं होतं.

मला हसू आलं आणि लगेच गेलंही.

"निरंक म्हणजे काहीच नाही, बाळा. सरकारी भाषेतलं शून्य."

"म्हणजे आपल्या गावात चिमणी बी नाही?"

कुठल्याशा एजन्सीने साठ गावांच्या नोंदवह्या दोन दिवसांत भरून दिल्या होत्या. आमच्या अंजनखेडीत त्यांचं कुणी फिरकलंही नव्हतं. देडतलाईच्या अलीकडचं हे माझं सासर. नेपानगरला कागद कारखान्याच्या वसाहतीत एकतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त होऊन इथे शेतावर राहायला आले. दर रविवारी पोरांना घेऊन सागाच्या रानात जाते. तीन वर्षांपासून आमच्या वहीत रानपिंगळ्याच्या नोंदी आहेत : तारीख, वेळ, कुठलं झाड. हे छोटं घुबड भर दिवसा शिकार करतं. ते संपलं, असं शंभराहून जास्त वर्षं जग समजत होतं. ते आमच्या रानाच्या उतारावर बसतं.

आणि त्याच उतारावर गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान मंजूर होणार होती. फाइलीत नोंदवहीची नक्कल जोडलेली : 'दुर्मिळ जीव : निरंक'. हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत.

मी हिमानीला फोन लावला. ती कारखान्यातल्या फिटरची मुलगी, माझी विद्यार्थिनी. आता भोपाळला पक्ष्यांची शास्त्रज्ञ आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच वहीवरून तिने त्या रानाचा अभ्यास केला होता.

"बाई, या नोंदवह्या बुऱ्हाणपूरच्या ज्या कार्यालयात जातात, मी तर अहवाल तिथेच पाठवलाय," ती म्हणाली.

"मग हे निरंक कुठून आलं?"

"शुक्रवारी मी तिथे पोचते, बाई."

शुक्रवारी मी आणि भूमिका सकाळच्या बसने बुऱ्हाणपूरला गेलो. हिमानी कार्यालयाच्या दारात उभी होती. आत नोंदवह्या आणि खदानीची फाइल ज्यांच्याकडे होती ते यादवसाहेब चहा पीत होते.

"आइए कद्दू मैडम, बैठिए."

"कद्दू नाही सर, बाईचं आडनाव कडू आहे," भूमिका म्हणाली. "कद्दू तं भोपळा राहते."

साहेब हसले. मी नाही हसले. वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली.

"मैडम, उल्लू और दिन में? बच्चों ने कुछ और देख लिया होगा. वो छोटावाला पिंगळा तो हर गाँव में है."

"त्याच्या डोक्यावर ठिपके राहतात," भूमिका म्हणाली. "आमच्यावाल्याच्या डोक्यावर नाहीत. अन् तो शेपटी अशी हलवते." तिने हात डावीउजवीकडे हलवून दाखवला.

"बेटा, कॉपी में लिखने से नहीं होता. विशेषज्ञ का मत लगता है."

"मी विशेषज्ञ आहे," हिमानी म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मत पाठवलंय. दोनशे चौदा पानं."

साहेबांनी बाबूला हाक मारली. बाबू आतल्या कपाटापाशी गेला, परत आला, मग मान खाली घालून त्याने साहेबांच्या टेबलावरचा चहाचा ट्रे उचलला. अहवाल ट्रेखाली होता. टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून ट्रे कलंडू नये यासाठी ठेवलेला. वरच्या पानावर सांडलेल्या चहाचे डाग पडले होते.

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर पोरांवर आवाज चढवला नाही, तो त्या खोलीत चढवला.

"साहेब, आपल्या देशाने साऱ्या जगाला शब्द दिलाय, की आमच्याकडचे जीव आम्ही मोजू आणि राखू. त्यासाठी ही नोंदवही. ती इथून भोपाळला जाते, तिथून दिल्लीला. दिल्लीतला माणूस जगासमोर उभा राहून काय वाचणार? निरंक? आणि ज्यात खरं लिहिलंय त्यावर तुम्ही चहा ठेवता?"

"पूरी अंग्रेज़ी में है, मैडम," साहेब पुटपुटले. "दो सौ पन्ने. मेरे फॉर्म में तो एक ही खाना है. उसमें क्या लिखूँ, ये कहीं लिखा ही नहीं."

मी हिमानीकडे वळले. "हिमे, खरं आहे हे?"

"बाई, शास्त्रीय अहवाल तसाच लिहितात."

"तो तुझ्या लोकांसाठी. ह्यांच्यासाठी दोन ओळी लिहायला तुझा हात दुखत होता का? पाठवलास, पोच घेतलीस, संपलं. एकदा फोन करून विचारलंस, कुणी वाचला का म्हणून? या पोरांनी तीन उन्हाळे झाडाखाली काढले, ते काय तुझ्या यादीत एक ओळ वाढावी म्हणून?"

तिचे डोळे भरले. बरं झालं, असंच मला त्या क्षणी वाटलं. मग मी खुर्च्या सरकवल्या. साहेब आणि हिमानी दोघांना शेजारी बसवलं, वर्गात बसवते तसं.

"भूमिका, वाच."

"चौदा मार्च, सकाळी साडेनऊ, मोठ्या नाल्यावरचा तिसरा साग. दोन पक्षी. एकाच्या चोचीत सरडा."

"हिमानी, शास्त्रीय नाव सांग. ह्याला धोका काय, तेही. एका ओळीत."

तिने सांगितलं. खरंच एका ओळीत सांगितलं.

"साहेब, लिहा. आधी निरंक खोडा."

"खोडलेला कागद नाही चालत, मैडम. नया पन्ना लगेगा."

"मग लावा."

नवं पान आलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. हिमानीने खाली सही केली. खदानीच्या फाइलीवर शेरा पडला : जागेची पाहणी होईपर्यंत मंजुरी देऊ नये.

पुढच्या आठवड्यात पाहणी झाली. यादवसाहेब टोपी घालून दीड तास उन्हात उभे होते. नाल्यावरच्या सागावर तो बसलेला दिसला तेव्हा त्यांनी आपोआप आवाज खाली आणला. "ये तो सच में दिन में बैठा है," एवढंच म्हणाले. महिन्याभराने खदानीचा अर्ज नामंजूर झाला.

लोक मला म्हणाले, बाई, जिंकलात. कसलं जिंकणं? पोरीने कागद वाचला नसता तर? मी हिमानीची शिक्षिका नसते तर? उरलेल्या एकोणसाठ वह्यांत निरंकच होतं, आणि त्या तशाच वर गेल्यात. हिमानी आता महिन्यातून एक दिवस त्या टेबलाशी येऊन बसते. आतापर्यंत त्यातल्या चार गावांची पानं नव्याने लिहून झाली.

नव्या पानाची नक्कल टपालाने आली. भूमिकाने ती मोठ्याने वाचली. रानपिंगळा, अंजनखेडी, जोडीने वास्तव्य. आणि शेवटी, माहिती देणार : श्रीमती कद्दू, सेवानिवृत्त.

"बाई, तुमचं नाव पुन्हा चुकवलं!" ती तावातावाने म्हणाली आणि पेन शोधू लागली.

"राहू दे गं. पक्ष्याचं नीट लिहिलंय ना? ते पुन्हा एकदा वाच."