उष्टी लहर

माळावरच्या केंद्रात आभाळातल्या शिट्ट्या ओल्या येऊ लागल्या, आणि त्याला कारण कुमुदचा सख्खा भाऊ. दूर दक्षिणेच्या समुद्रावर वीज पडली की तिची लहर वातावरणाच्या पार वर चढते, पृथ्वीच्या चुंबकाची वाट धरून विषुववृत्त ओलांडते आणि इकडे उतरते. बारीक सूर आधी पोचतो, जाड सूर मागून, म्हणून हेडफोनमध्ये वरून खाली घसरणारी शिट्टी ऐकू येते. ती ऐकणं हीच कुमुदची नोकरी. कोरडं, स्वच्छ काम होतं.

अँटेनाची तार जमिनीत पुरलेली असते तो अर्थिंगचा खड्डा वाळला की त्यात मीठपाणी ओततात. पाहुणा आलेल्या विलासला तिनं तेवढंच सांगितलं होतं. त्या शहाण्यानं जेवून ताटात हात धुतले आणि ते खरकटं पाणी खड्ड्यात ओतलं.

“पाणी ते पाणी, ताई,” तो म्हणाला.

खाली ओतलेलं वर गेलं. शिट्ट्यांना लाळ सुटली. हेडफोनमधून त्या गालावर ओघळू लागल्या. कोमट, चिकट, शिळ्या मासळीच्या वासाच्या. काहींत भाताची शितं असत, काहींत काटे. पलीकडे कुणीतरी इकडचं उष्टं चाखत होतं आणि आपलं उष्टं परत धाडत होतं, शेजारधर्म पाळावा तसं! कुमुदला शिसारी आली. तिनं साबणानं कान सोलवटून काढले.

“सिग्नल उत्तम आहे,” साहेब म्हणाले. “पुसत राहा.”

पण तिचा जीव टांगला होता तो लेकीपायी. यामिनीचं उष्टावण व्हायचं होतं. तोवर तिच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही जायला नको होतं. आणि घर केंद्राच्या भिंतीला भिंत लावून. ती भिंत आता पाझरायला लागली होती. कुमुदनं पाळण्यावर आधी साडी बांधली, मग ताडपत्री.

उष्टावणाला विलास नवा सदरा घालून आला. रीतीप्रमाणे त्यानं भाचीला मांडीवर घेतलं आणि खिरीचं बोट तिच्या ओठांना लावलं. यामिनीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. गाल मात्र हलत होते.

“ताई, हिला आधी कुणी भरवलं?”

“कुणी नाही रे. शप्पथ.”

कुमुदनं हलकेच तिचं तोंड उघडलं. घशाकडून दोन ओली, अनोळखी बोटं पुढे आली होती. त्यांच्या चिमटीत चघळलेला घास होता, आणि पोर तो मिटक्या मारत खात होती.