चार तोंडांचं घड्याळ

आठ डिसेंबरला आसपासच्या गावांतली माणसं कॉर्क शहरात उतरतात. मरियामातेच्या निष्कलंक गर्भधारणेचा, 'कॉन्सेप्शन'चा सण, चर्चमधली मिस्सा-प्रार्थना चुकवायची नाही, आणि नाताळची खरेदीही त्याच दिवशी उरकायची. कॉन्सेप्टा या सणाच्या दिवशीच जन्मली, म्हणून तिचं हे नाव. ते राखायला ती आयुष्यभर जपत आली होती. रोज सकाळी मिस्सा, शुक्रवारी मांस वर्ज्य, मरियेची जपमाळ म्हटल्याशिवाय झोप नाही. त्या दिवशीही मिलस्ट्रीट गावाहून आईची बस यायच्या आधीच तिची मिस्सा झाली होती.

तिची आई नोनी चौऱ्याऐंशीची. काठी टेकत, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून ती बसमधून उतरली. कॉन्सेप्टाची नात सोर्चा सोबत होती, शाळेला सुट्टी होती. तिघी आधी इंग्लिश मार्केटात गेल्या. नाताळचं मसाल्यातलं बीफ घेताना नोनीनं खाटकाला सुनावलं, की गेल्या वर्षीचं माझ्या चपलेपेक्षा चिवट होतं. तो म्हणाला, मग यंदा चप्पलच आणायची होतीत, तीही मुरवून दिली असती. नोनी पुढचा पाऊण रस्ता हसत होती.

ठरलं होतं असं, की दुपारी एकची मिस्सा गाठायची आणि मग नोनीनं बस धरायची. गावातली मिस्सा ती सोडून आली होती. मध्ये थोडा वेळ होता, म्हणून सोर्चाला शँडनच्या चर्चचा घंटांचा मनोरा दाखवायला नेलं. नोनीचे गुडघे काही ते जिने चढणारे नव्हते. बीफचं पुडकं मांडीवर घेऊन ती समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "लवकर या गं. उतारावर माझे पाय हळू चालतात."

मनोऱ्यात घंटांच्या दोऱ्यांना एक, दोन, तीन असे आकडे लावलेले असतात. कागदावरचे आकडे बघून ओढत गेलं की वर घंटा वाजतात आणि सगळ्या शहराला ऐकू जातात. सोर्चानं नाताळचं एक गाणं अडखळत वाजवलं. कॉन्सेप्टा तिच्याएवढी असताना याच दारापुढे हटून बसली होती, तेव्हा आईनं हाताला धरून ओढून नेलं होतं. ते त्यांचं, प्रोटेस्टंटांचं देऊळ, आपलं नाही, म्हणाली होती. आज कॉन्सेप्टानं स्वतः दोरी ओढली. मग त्या वर टोकाशी गेल्या. खाली नदीचे दोन फाटे, ओल्या कौलांची घरं, दुपारीच लागलेले सणाचे दिवे. तिनं मनगटावर पाहिलं. निघायची वेळ झाली होती. माझी मिस्सा तर झालीय, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते हाकलून लावलं नाही. बाही घड्याळावर ओढली. उतरताना सोर्चा आणखी एकदा म्हणाली, तर तिनं आणखी एकदा वाजवू दिलं.

खाली आल्या तेव्हा एक वाजून बराच वेळ झाला होता. नोनी उभी होती. रुमाल डोक्यावर नव्हता, हातात होता. केस वाऱ्यानं विस्कटले होते.

"घड्याळानं फसवलं, आई," कॉन्सेप्टा म्हणाली. "चारही बाजूंना वेगवेगळी वेळ."

कॉर्कमध्ये कुणालाही उशीर झाला की तो मनोऱ्यावरच्या त्या घड्याळाच्या माथी मारतात. त्याला 'चार तोंडांचा लबाड'च म्हणतात.

"त्याला चार तोंडं आहेत, पोरी," नोनी म्हणाली. "तुला एकच दिलंय."

आणि ती काठी टेकत उताराला लागली. तिघी नदीकाठच्या आपल्या चर्चपाशी पोचल्या तेव्हा मिस्सा संपून माणसं बाहेर पडत होती, एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देत होती. नोनीनं दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवलं, कपाळाला लावलं आणि शेवटच्या बाकावर बसली. वेदीवरच्या मेणबत्त्या विझवणं चाललं होतं. सोर्चानं कुजबुजत विचारलं, पणजी रागावली का? नोनीनं तिच्या हातात पेपरमिंट ठेवली आणि पिशवीतून माळ काढली.

कॉन्सेप्टाला गप्प बसवेना. "आई, मला वेळ माहीत होती."

"ठाऊक आहे. मी खालून रुमाल हलवत होते. तू बघितलंस माझ्याकडे. आणि मग पुन्हा घंटा वाजली."

नोनीनं मणी पुढे सरकवला आणि घरी म्हणायची तशीच, सावकाश, 'नमो मरिये' म्हणायला लागली. अर्धं तिचं, अर्धं कॉन्सेप्टाचं. लहानपणापासून तसंच.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते," कॉन्सेप्टा म्हणाली, "आम्हां..."

'पापी लोकांकरिता विनंती कर' हे पुढचे शब्द ती रोज पन्नास वेळा म्हणत असे. आता ते येईनात. मनोऱ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी पोर गाणं वाजवत होतं, तेही अडखळत. नोनीनं ते वाक्य तिच्यासाठी पुरं केलं नाही. बोटांत मणी धरून ती थांबून राहिली.