भाऊजींचं उणे चिन्ह

माझे थोरले दीर आणि मी एकाच संस्थेत. आमचा प्रोग्राम गणिताच्या सिद्धता तपासतो. गेल्या वर्षी माझी सिद्धता एक सांगत होती, भाऊजींची नेमकं उलटं. प्रोग्रामने त्यांची आधी मान्य केली. मग काय, संस्थेच्या साहेबांनी माझी तपासणी मध्येच थांबवली, माझं संशोधन काढून घेतलं आणि मला प्रोग्रामच्या दुरुस्तीच्या खोलीत बसवलं. वर घरी जेवताना सासूबाईंसमोर भाऊजी म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. प्रत्येकाचा वकूब असतो."

वकूब म्हणे! मी भाजी वाढत राहिले. पण डूख धरला.

खोलीत बसून मी प्रोग्रामचा कोपरा न् कोपरा उपसला. तो लांबलचक हिशेबाचा बाइटकोड करतो, म्हणजे यंत्राला झटपट चालवता येतील अशा आखूड आज्ञा, आणि त्या फाईलमध्ये भरून ठेवतो. भरताना फार मोठ्या संख्येचं उणे चिन्ह गळायचं. फाईल परत उघडली की चालवणारा भाग आत जे असेल ते निमूट खरं मानायचा. भाऊजींची अख्खी सिद्धता अशाच एका संख्येवर उभी होती. मुळापासून एकदा चालवून बघितली असती तर कळलं असतं. पण साठवलेली फाईल उघडायची, 'सगळं ठीक'ची हिरवी खूण बघायची आणि मिरवायचं, ही त्यांची जुनी खोड.

मी दोष काढला. माझी सिद्धता टिकली, त्यांची आडवी झाली. मला भयंकर आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे रीत आहे. दोष काढला की तो परत शिरू नये म्हणून त्याचं एक उदाहरण प्रोग्रामच्या चाचण्यांमध्ये कायमचं ठेवायचं. रोज सकाळी सगळ्या चाचण्या चालतात आणि निकाल दालनातल्या मोठ्या पडद्यावर येतो. चार ओळींचं उदाहरण पुरलं असतं. मी भाऊजींची सिद्धता घातली, नावासकट.

ते पहिल्यांदाच माझ्या खोलीत आले. "दुसरं काहीतरी टाक ना," हळूच म्हणाले. "आईच्या कानावर जाईल. तुझ्या जागेचं मी साहेबांशी बोलतो."

"जागा कालच परत मिळाली," मी म्हणाले. "चला, पडदा बघू."

पडद्यावर त्यांचं नाव आलं. पुढे 'अमान्य'. आणि ती अमान्य व्हावी हीच चाचणी असल्यामुळे, शेजारी हिरवी खूण.

"तुम्हाला आवडते ना, भाऊजी?" मी म्हणाले. "आता रोज मिळेल."