लावू का हात?

"अजी चचा, उलटे कायकू आरे? लोगां चढरे ना!"

चारमिनारच्या जिन्यात कुणीतरी ओरडले तेव्हा सिद्धोधनदादा माझ्या छातीला खांदा लावून खाली घुसत होते. पहिल्या वळणावरूनच परत. घामाने निथळलेले, ओठ पांढरे. मी उलटा फिरलो, मागचे लोक शिव्या देत उलटे फिरले आणि आमची सगळी माळ जिन्याच्या तोंडातून उजेडात सांडली.

"चपलीचा अंगठा तुटला," दादा म्हणाले.

पायात बूट होते.

दादांच्या सबबी मला नव्या नव्हत्या. ते लाईनमन, मी त्यांचा मदतनीस; अख्खी नोकरी ते खांबावर आणि मी खाली. लिफ्ट समोर आली की दादांना डॉक्टरने नेमके चालायला सांगितलेले असे. सिनेमा म्हटले की डोळे दुखत. गंगाखेडला लॉजवर मुक्काम पडला तेव्हा ढेकूण आहेत म्हणून ते गच्चीवर झोपले; खोली त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. एका सबबीपुढे दुसरी मांडत गेलो आणि बेरीज आपोआप झाली. उंचीचे भय या माणसाला ठाऊक नाही. गोदावरीला पूर असताना काठच्या खांबावर वाऱ्यात हलत ते माझ्याशी भजी कुठली चांगली यावर वाद घालत. पण चार भिंती जवळ आल्या की खेळ संपला. मी कधी बोललो नाही. ज्याच्या जिवावर गावे उजेडात जेवतात, त्याची एवढी थकबाकी चालते.

आज मात्र प्रश्न वहिनींचा होता. सत्यशीलावहिनींचा. कामावरून आले की दादा ओट्यावर बसून खांबावरून काय काय दिसले ते त्यांना सांगत. पिंगळीहून सुटलेली गाडी, कुणाच्या रानात हरभरा फुललाय, मानवतच्या बाजाराला निघालेला कापूस. वहिनी भाकरी थापता थापता ऐकत आणि शेवटी एकच विचारत, "मला कदी दावणार?" त्यांना खांबावर कोण चढवणार? रिटायर झाले त्या दिवशी दादांनी शब्द दिला. लेक सुकेशनी हैदराबादेत नर्स आहे. तिच्याकडे गेलो की चारमिनारवर नेतो, शेजारी उभा राहून सगळे दाखवतो. सुकेशनी आज ड्युटीवर होती आणि आम्ही तिघे इथे.

पुढे गेलेल्या वहिनीही अर्ध्यातून उतरून आल्या.

"तू दत्तासंगं जा," दादा म्हणाले. "मी हितं थांबतो."

"दत्ताभाऊसंगं बघायचं आसतं तर तुमच्या रिटायर व्हायची वाट कशाला बघितली आसती?"

"अगं, आत लय अंधार हाय. भिंती आंगावर यायल्यात."

एवढे खरे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"मला म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या. "लगीन झाल्यापसून दार उघडं टाकून झोपले मी. मांजरायनी किती दूध पिलं, काय इचारू नका." मग माझ्याकडे वळून, "खांबावर काय वरडायचे हो तुमी दोघं?"

तो दादांचा स्वतःचा कायदा. वर चढलेल्याने तारेला हात लावण्याआधी ओरडायचे, "लावू का हात?" खालच्याने लाईन बंद असल्याची खात्री करायची आणि उत्तर द्यायचे, "सिद्धोधन, लावा हात!" नाव घेतल्याशिवाय उत्तर धरायचे नाही. एकदा शेजारच्या खांबावरच्याला दिलेला होकार दादांनी आपला समजला होता आणि झटका खाल्ला होता. म्हणून एरवी दादा दादा करणारा मी कामावर नाव घेई. खांब घरामागेच असल्याने वहिनींना तो पुकारा पाठ होता.

"मी म्होरं जाते," त्या म्हणाल्या. "वळणावर वाट मोकळी दिसली की सांगते. सांगितल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई."

दादा खाली बघत पुटपुटले, "नाव घ्यावं लागंल. त्याबिगर मी मानत न्हाई."

ही शेवटची सबब, आणि सगळ्यांत पक्की. वहिनींनी नवऱ्याचे नाव कधी उच्चारले नव्हते. दवाखान्यात विचारले तर माझ्याकडे बघत. रेशनवाल्याला तर त्यांनी 'सुकेशनीचे बाबा' असे लिहायला लावले होते.

वहिनींनी पदर खोचला आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने जिन्याच्या तोंडाशी दादांनी बारीक आवाजात विचारले, "लावू का हात?"

मागचा माणूस म्हणाला, "चलो जी." मी त्याच्याकडे असे बघितले की तो गप्प झाला.

मग दगडातून घुमत आले, "सिद्धोधन! लावा हात!"

दादांनी तळवा भिंतीला टेकला आणि पाऊल उचलले.

दर वळणाला तोच पुकारा. वहिनींचा आवाज प्रत्येक खेपेला मोकळा होत गेला. मागचे लोक आधी हसले, मग तेही ओरडायला लागले, "लावा हात!"

"गप बसा!" दादा अंधारात गरजले. "तुमचं मी मानत न्हाई!"

मध्ये एका अरुंद वळणावर ते थबकले. दोन्ही तळव्यांनी भिंती मागे रेटू लागले. वरून वहिनी म्हणाल्या, "इचारा की. इचारल्याबिगर मी बी सांगणार न्हाई."

दादांनी एक तळवा सोडवला. मग, "लावू का हात?"

"सिद्धोधन, लावा हात!"

वर वारा होता. दादा सरळ कठड्याशी गेले, छाती भरून घेतली आणि खालच्या तारांचा गुंता बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. "कुणी वढल्यात रे ह्या?" मला कळले, लाईनमन ठिकाणावर आला.

वहिनी मात्र मागच्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. डोळे गच्च मिटलेले. घराच्या पत्र्याच्या वर त्या जन्मात कधी चढल्या नव्हत्या.

"ये की," दादा म्हणाले. "ती मक्का मशीद, तो लाड बाजार. आन् त्या अंगाला, लय लांब, आपलं गाव."

"दिसायलंय?"

"न्हाई. पर तिकडंच हाय."

वहिनींनी एक पाऊल टाकले, दुसरे टाकले. कठडा हातभर राहिला तशा थांबल्या आणि हळूच विचारले, "लावू का हात?"

मी तारा बघायला पलीकडे सरकलो. जन्मभर जिला नुसते 'अगं' म्हटले तिला दादा म्हणत होते, "सत्यशीला, लाव हात."